इम्रेचं पाठांतर

“अख्ख्या बुडापेस्टमध्ये माझ्याइतकं पाठांतर कुणाचं नाही. मग तुमची ती वेटरची भूमिका मला कधी देताय, गेझा बाची?” तरुण नट इम्रेने विचारलं. मग जरा दबकून म्हणाला, “बायकोचा वाढदिवस तेवढा सोडून. तो नाही राहत.”

तिकडे काकांना बाची म्हणतात. आणि गेझा तर साऱ्या हंगेरीचा काका. बेकरीवाल्याचा पोरगा, चाळीस वर्षं लोकांना हसवत आला. वर्षअखेरीला रेडिओवर त्याचा आवाज लागला की ऐकण्याच्या नादात घरोघरी नव्या वर्षासाठी चुलीवर ठेवलेले मसूर करपायचे.

म्हातारा रिकाम्या रंगमंचावर बसून वेटरच्या कोटाची बटणं लावत होता. चुकीच्या काजात.

“त्या पिरोश्काला हसव,” तो म्हणाला. “भूमिका तुझी.”

पिरोश्का म्हणजे प्रॉम्प्टर. नट वाक्य विसरला की हळूच सांगायला रंगमंचाच्या कडेच्या खळग्यात वही घेऊन बसायची. तीस वर्षांत सगळे विनोद ऐकून तिचे कान किटले होते.

इम्रेने जीव ओतला. सुपाची बशी घेऊन धावला, घसरला, पुन्हा घसरला. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

पिरोश्काचं बोट ओळीवरून सरकत राहिलं. शेवटी तिने जांभई दिली. तोंडावर हात ठेवून, सभ्यपणे.

मग गेझा उठला. बशी घेतली. टेबलापाशी आला. तोंड उघडलं...

वाक्य येईना.

त्याने सुपात पाहिलं. बशी उचलून खाली पाहिलं. मग जत्रेत चुकलेलं पोर पोलिसाकडे बघतं, तसं पिरोश्काकडे पाहिलं.

तिने वाक्य सांगायला तोंड उघडलं, आणि हसूच फुटलं. वही पडली. बाई डोळे पुसतेय नि हसतेय, वाक्य राहिलं बाजूला.

इम्रेही पोट धरून हसला. मग त्याची नजर गेझाच्या कोटाच्या चुकलेल्या बटणांवर गेली.

“बाची... हे नाटक होतं, की खरंच विसरलात?”

“चार वर्षं झाली. ते वाक्य काही डोक्यात टिकत नाही.”

इम्रे त्याच्या पायाशीच बसला.

“मला हेच शिकवा. तुम्ही कुठे थांबलात, कुठे पाहिलंत... उद्यापर्यंत सगळं पाठ करून येतो.”

गेझाने थंडगार सुपाचा एक घोट घेतला.

“तू पाठ करून आलास, तर ती बिचारी पिरोश्का वाचवणार कुणाला?”