उरलेले चार गिअर

मोठ्या गाडीवर लडाख पालथं घातलेल्या हमीदाभाभी हल्ली गावात शंभर सीसीच्या गाडीवर मजेत हिंडायच्या. बाइक क्लबच्या रॅलीत झेंडा घेऊन सर्वांत पुढं राहण्याचा मान यंदा त्यांच्याकडे होता. रॅली सुटण्याआधी त्यांना बघताच अध्यक्ष प्रतापराव भोईटे आपल्या हजार सीसीच्या धुडावर रेलून हसले.

“भाभी, गाडीचा सगळा जोर वापरणाऱ्यानंच पुढं राहावं. हे खेळणं घेऊन कुठं?”

“नियम कबूल,” भाभी म्हणाल्या. “बाजारातून येताना मी चारही गिअर टाकले, गाडी पार पिळून काढली. तुम्हीही तिथूनच आलात. सहापैकी किती टाकलेत?”

“गर्दीत दुसऱ्या गिअरच्या वर कसा टाकणार?” प्रतापराव उखडले.

“मग उरलेले चार घेऊन मागून सावकाश या,” म्हणत भाभींनी झेंडा उचलला.