पाचव्या मजल्यावरची विहीर

मिरजेतल्या एका पतसंस्थेसाठी घरांचं मूल्यांकन करणारी वैजयंती आवटी एके सकाळी पार गोंधळून गेली. हसीना मुजावर नावाच्या नर्सबाईंना पाचव्या मजल्यावरचा फ्लॅट घ्यायचा होता आणि अहवालाचा फॉर्म होता साठ वर्षांपूर्वीचा. त्यात लिफ्टला जागा नव्हती, पण गोठा, अंगण आणि विहिरीची खोली यांचे रकाने होते.

विहिरीपुढे तिने ‘नाही’ लिहिलं. मॅनेजर कुलगुडे साहेबांनी फॉर्म परत केला.

“खोलीला आकडा लागतो, बाई. नियम म्हणजे नियम! आकडा नसेल तर कर्ज नामंजूर.”

फ्लॅटचा मालक शनिवारपर्यंतच थांबणार होता. वैजयंतीने फॉर्म उलटसुलट वाचला, तरी काही सुचेना. मग तळाशी बारीक अक्षरांतली एक ओळ दिसली. ती तडक बाजारात गेली आणि लांबलचक दोरी घेऊन साहेबांपुढे उभी राहिली.

“चला साहेब. विहिरीचं माप मॅनेजरसमक्षच घ्यावं, असं इथं छापलंय.”

“अहो, पाचव्या मजल्यावर विहीर असते का कुठं?” साहेब एवढ्या जोरात ओरडले की सगळं ऑफिस वळून बघू लागलं.

“एवढंच सहीनिशी लिहून द्या, साहेब. मी अहवालाला जोडते.”

साहेब कधी दोरीकडे बघत, कधी फॉर्मकडे. शेवटी त्यांनी मुकाट्याने लिहून दिलं. हसीनाबाईंचं कर्ज त्याच दुपारी मंजूर झालं.

साहेब मात्र संध्याकाळपर्यंत ज्याला त्याला विचारत होते, “मला सांगा, आज मी नियम मोडला की पाळला?”