न हलणारी फांदी

माणसांनी झाडांवर मालकी सांगायला सुरुवात केली नव्हती, त्या काळी एका माळावर मोठा उंबर होता. कोणीही यावं, बसावं, बोलावं, असा त्याचा खाक्या. उदारपणा कसला! पाखरांची गर्दी जितकी जास्त, तितकं त्याच्या मुळांना खत जास्त.

वरच्या फांदीवर कावळ्यांची टोळी जमे. कोणाची आई चाऱ्याला गेली, कोणतं घरटं उघडं पडलं, हे तिथे रोज ओरडून सांगितलं जाई. खालच्या ढोलीत तीन पिल्लं वाढवणाऱ्या साळुंकीने उंबराकडे तीनदा तक्रार केली.

"मी फक्त बसायला जागा देतो, बाई," उंबर म्हणाला. "कोण काय बोलतं, त्यात मी पडत नाही. आणि फांदी हलवणं हे वाऱ्याचं काम, माझं नव्हे."

चौथ्या दिवशी साळुंकी चारा घेऊन परतली, तर ढोली रिकामी. तिन्ही पिल्लं गेली होती. वर कावळे खिदळत होते.

पुढच्याच आठवड्यात कावळ्यांनी सुतारपक्ष्यांना बोलावलं आणि उंबराचं खोड कुठून पोखरायचं, याची चर्चा सुरू केली. वारा अगदी पडला होता. तरी ती फांदी अशी गदगदा हलली की सगळी टोळी जी उडाली, ती परत फिरकली नाही.

"पाहिलंस?" उंबर ऐटीत म्हणाला. "माझ्या अंगाखांद्यावर असले प्रकार मी खपवून घेत नाही."

नव्या घरट्यासाठी आणलेली काडी साळुंकीने तिथेच टाकली.

"म्हणजे फांदी तुला हलवता येत होती," ती म्हणाली.