पांढऱ्या चहाचा कढ

ढगांना डोकं टेकून बसलेल्या डोंगरावर एक चहाचा मळा होता. त्याच्या कडेच्या इवल्याशा खोपटात रुंजी आणि तिची आई राहायच्या. आई पहाटे रुपेरी लव असलेल्या चहाच्या कळ्या खुडायची. त्यांचा पांढरा चहा जायचा दूरच्या मोठ्या घरांत, आणि खुडणाऱ्यांच्या वाट्याला यायची काळी भुकटी. आता तर आई तापाने अंथरुणाला खिळली होती. तोंड इतकं कडू झालं होतं की आठ दिवस घास उतरत नव्हता. रुंजीचा जीव तीळतीळ तुटत होता.

एका सकाळी आईच्या जागी कळ्या खुडताना तिला कोळ्याच्या जाळ्यात अडकलेली चिमुकली, निळ्या पंखांची परी दिसली. रुंजीने जाळं अलगद सोडवलं.

"काय हवं तुला, बाळ?"

"आईच्या तोंडाला चव येऊ दे."

परीने एक पुडी दिली. आत पांढऱ्या कळ्या, सफरचंदाचे गुलाबी काप, संत्र्याची केशरी साल, दालचिनी आणि वेलदोडे होते. "एकाच कपाची आहे हं. दूध नको, साखर नको, आणि कढ येऊ देऊ नकोस."

रुंजीने चुलीवरच्या पाण्यात पुडी सोडली. बारीक बुडबुडे दिसताच ती भांडं उतरवणार, तोच आई म्हणाली, "चांगला उकळू दे गं. कच्चा चहा बाधतो मला."

रुंजीने आईचा शब्द कधी मोडला नव्हता. चहा खळखळ उकळला.

आईने एक घोट घेतला, कप ठेवला आणि भिंतीकडे तोंड केलं. "हाही कडूच," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

परी चुलीपाशी उभी होती. "नियम मोडला, रुंजी. आता हा कडूपणा कुणाला तरी घ्यावाच लागेल. जन्मभरासाठी."

"मला दे," रुंजी हळूच म्हणाली.

परीने कपावर बोट फिरवलं. चहा सोनेरी झाला. "गुणाची गं माझी बाय," असं म्हणून ती लखलखत्या उजेडात विरून गेली. तिला काय, तिला जायचंच होतं.

वासानेच आई उठून बसली. सफरचंदाची गोडी, संत्र्याचा आंबटपणा, दालचिनीची ऊब. घोटाघोटाला तिचे गाल उजळत गेले. तिने भाकरी मागितली. मग कप रुंजीपुढे धरला.

"शेवटचा घोट तुला. असा चहा पुन्हा मिळायचा नाही."

रुंजीने तो प्यायला. जिभेवर कडुलिंब पसरला.

"कसा लागतो गं?"

"गोड," रुंजी म्हणाली आणि कप विसळायला घेतला.