वकिलांच्या गाडीचा बार

पंचगंगेकाठच्या एका गावात एक भोळा मेव्हणा होता. मेव्हणे सगळ्याच गावांत असतात, भोळा तेवढा हा एकच. नाव भुजंगा. बायकोच्या भिडेखातर शिदाप्पा मिस्त्रींनी त्याला गॅरेजात ठेवून घेतलं होतं.

गावातल्या सरनोबत वकिलांकडे वडिलांच्या वेळची दोन माणसांची लाल स्पोर्ट्स कार होती. दिसायला राजबिंडी, पण वळण आलं की एका अंगावर कलायची. मागच्या वर्षी जुन्या गाड्यांच्या रॅलीत ती पहिल्याच वळणावर एवढी कलली, की वकिलीणबाई नवऱ्याच्या मांडीवर जाऊन बसल्या. सगळा बाजार बघत होता. वकिलांनी यंदा पुढच्या दोन चाकांना जोडणारा लोखंडी बार मागवला. तो बसवला की गाडी कलत नाही.

मिस्त्री म्हणाले, "भुजंगा, ह्या कामात घोळ घातलास तर दुसऱ्या दिवशीच्या एस.टी.नं तुझ्या गावाकडं."

"व्हय दाजी."

"बारावर बुश बसतात, रबराच्या कड्या. रबर दिसलं की आधी ग्रीस लाव."

भुजंगानं बुशना ग्रीस लावलं. मग त्याला चार टायर दिसले. रबरच ते. त्यानं चारही मन लावून माखले. मिस्त्री गाडी बाहेर काढायला बसले, तर चाकं जागच्या जागी गरगरा फिरू लागली.

"अरं शहाण्या, जमिनीला टेकतं त्याला ग्रीस लावतात व्हय? ते रॉकेलनं धुऊन कोरडं ठणठणीत करायचं!"

"आधी सांगायचं की, दाजी."

संध्याकाळी वकील काम बघायला आले. कोल्हापुरी चपला दाराशी काढल्या. नव्या कोऱ्या, आठवडाभर तेल पाजून मऊ केलेल्या. भुजंगानं विचार केला. विचार करायची त्याला भारी हौस. चपला जमिनीला टेकतात. त्यानं त्या रॉकेलनं धुतल्या आणि शेगडीवर धरून ठणठणीत केल्या. वकील अनवाणी घरी गेले. चपलांचे पापड झाले होते.

"दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायच्या आधी मालकाला विचारत जा!" मिस्त्री ओरडले.

"व्हय दाजी."

दुसऱ्या दिवशी बार बसला. मिस्त्रींनी स्वतः आवळला, म्हणून बसला. गाडी जॅकवरून उतरवून ते हात धुवायला गेले आणि गाडी उतारावरून हळूच निघाली. हँडब्रेक भुजंगाच्या हाताशी होता. पण गाडी दुसऱ्याची. तो धावत वकिलांच्या घरी गेला. वकील अशिलाशी बोलत होते.

"सायब, गाडीला हात लावू का?"

"कशाला?"

"ती चाललीया."

"कुठं?"

"वड्याकडं."

गाडी ओढ्याच्या अलीकडे उकिरड्यात थांबली. उकिरड्याला भुजंगापेक्षा जास्त अक्कल, असं मिस्त्रींना वाटलं. तीस वर्षांत कमावलेलं नाव आज ओढ्यात वाहून जाता जाता राहिलं होतं.

"बैलसुद्धा बांधल्याशिवाय कुणी सोडून जात न्हाई! गाडी सोडून जायचं झालं तर आधी बांध, मग जा!"

"हे बरं सांगितलंसा."

रॅलीच्या दिवशी गाडी धुऊनपुसून मंडपाच्या खांबाला लागून उभी राहिली. मंडपात साखर कारखान्याचे चेअरमन, त्यांचे सत्कार आणि सत्कारांचे सत्कार चालू होते. मिस्त्रींनी भुजंगाला गाडीपाशी उभं केलं. थोड्या वेळानं भुजंगाला भडंगाचा वास आला. जायला तर हवं. पण आता तो शहाणा झाला होता. त्यानं आधी लांबलचक दोर आणला. गाडीत सगळ्यात भक्कम काय? नवा बार. मंडपात सगळ्यात भक्कम काय? मधला खांब. दोन्हीकडं निरगाठ मारून तो निवांत भडंग खायला गेला.

वकील आणि वकिलीणबाई ऐटीत येऊन बसले. चेअरमनांनी झेंडा हलवला. गाडी निघाली. मंडपापुढंच पहिलं वळण आलं. सगळा बाजार श्वास रोखून बघत होता. गाडी तसूभरही कलली नाही.

कलला तो मंडप. आधी एका अंगावर, मग चेअरमनांच्या अंगावर.

कनातीखालून मिस्त्री रांगत बाहेर आले. समोर भुजंगा, हातात भडंगाचा पुडा.

"बघा दाजी, बार कसा पक्का बसलाय!"

मिस्त्री एवढंच म्हणाले, "उद्याची पहिली एस.टी."

भुजंगानं विचार केला.

"दाजी, एस.टी. वळणावर लई कलती. जाताना एक बार संगं न्हेऊ का?"