बादलीवरचा खटला

बादल्यांनाही वाचा होती, तेव्हाची ही गोष्ट. एका परसात साळू नावाची टर्की नवरा आणि पिल्लांसह राहायची. एका सकाळी तिची दोन पिल्लं उठलीच नाहीत. आदल्या संध्याकाळी तर ती दाण्यांवरून भांडत होती. साळू त्यांना चोचीनं हलवत राहिली.

तिचे यजमान फुगोजीराव मात्र पिसारा फुलवून गरजले, "खुनी सापडल्याशिवाय कुणी जागचं हलायचं नाही!" त्यांनी पाण्याच्या बादलीला आरोपी केलं आणि कावळ्याला न्यायाधीश.

"रात्री कुठं गेली होतीस?" फुगोजीरावांनी बादलीला विचारलं.

"कुठं जाणार? मला पाय नाहीत," बादली म्हणाली.

"ऐकलंत? हिनं पाय लपवलेत!"

"प्रकरण गंभीर आहे," कावळा म्हणाला.

मग खराट्याची साक्ष सुरू झाली. उरलेली पिल्लं ओल्या जमिनीवर उभी राहून थरथरत होती. साळूनं ते पाहिलं आणि ती त्यांना घेऊन गोठ्यातल्या कोरड्या भुशावर गेली.

दुपारी बादलीला फाशी ठोठावली गेली. पण तिला मान नसल्यानं फाशी अडली. फुगोजीराव साळूला निकाल सांगायला वळले, तर मागं कुणीच नव्हतं. ते शोधत गोठ्यात आले.

"अगं, खुनी सापडला!"

"अहो, ती दोघं कशानं गेली, मला कळत नाही," साळू म्हणाली. "पण ही गारठलीत, एवढं कळतंय. माझे पंख पुरत नाहीत. तुम्ही त्या बाजूला बसा."

फुगोजीराव पिसारा मिटून बसले. एक पिल्लू त्यांच्या पंखाखाली शिरलं, तेव्हा कुठं त्यांना रडू फुटलं.