दचकीची हाक

तळ्याच्या बांधाखाली वसलेल्या एका गावात एका सकाळी एवढंच झालं: बांधाच्या पायथ्याशी झिरपणारी बारीक धार गढूळ झाली. एरवी ती इतकी नितळ असे, की बायका तिथे तांदूळ धुवत.

हे पहिल्यांदा दिसलं एका भित्र्या मुलीला. भांडं पडलं तरी ती दचके, म्हणून सगळे तिला दचकीच म्हणत. नितळ पाणी म्हणजे नुसता पाझर. गढूळ म्हणजे बांधाच्या पोटातली माती वाहून चालली, हे तिला ठाऊक होतं. बांधाला लागूनच तिचं घर, आणि घरात अंथरुणाला खिळलेली आत्या. एकटीला ती उचलवणार नव्हती.

ती धावत शेजारी गेली. "काकू, बांध पोखरतोय! आत्याला उचलायला चला!"

"परवा कौलावर भूत होतं ना तुझं?" काकू हसली. "निघालं मांजर!"

"काकू, शपथ!"

"हो गं बाई. एवढ्या भाकऱ्या होऊ देत."

मग ती शाळेत गेली. गुरुजी इंग्रजी शिकवत होते. "गिव्ह अप म्हणजे प्रयत्न सोडणे, हात टेकणे. वाक्यात उपयोग करा."

मुलं एका सुरात ओरडली, "आय विल नेव्हर गिव्ह अप!"

"शाब्बास!"

"गुरुजी, बांध..."

"वर्ग चालू आहे, पोरी. अन् असं घाबरून हात टेकायचे नसतात. आत्ताच शिकवलं ना?"

ती परतली तेव्हा पाणी उंबरा ओलांडून आत आलं होतं.

"तू जा गं," आत्या म्हणाली. "माझं काय, झालंच आता."

दचकीने तिला काखेत धरून ओढलं. दारापर्यंत आणलं. तिथे हात सुटले. तिने हाका मारल्या, काकूला, गुरुजींना, नावं आठवतील त्या सगळ्यांना. कुणीच आलं नाही. घसा बसला. पाणी गुडघ्याला लागलं.

गिव्ह अप करणं म्हणजे काय, ते तिला तेव्हा कळलं. नुसतं खाली बसायचं, आत्याचा हात धरून. किती सोपं होतं ते! वर बांधात काहीतरी धप्पकन कोसळलं. ती दचकली, आणि त्या दचकण्यातच फाटक्या आवाजात पुन्हा एकदा हाक निघाली.

कुंपणापलीकडून धापा टाकत काकू ओरडली, "ओ! कुठंयस गं? आले, आले मी!"

तात्पर्य: ज्याला आपण हार मानू नकोस म्हणून शिकवतो, त्याच्या हाकेला वेळेवर ओ देणं हेही आपलंच काम असतं.